उजवा खालचा कोपरा

आमच्या गावात तेइजी-सानना कुणी आपण होऊन फोटो दाखवत नाही. दाखवला, की ते चष्मा कपाळावर चढवतात, फोटो नाकाला लागेल इतका जवळ धरतात आणि आधी चारही कोपरे बघतात. वरचे दोन, मग खालचे दोन. मधोमध नवरा-नवरी नटून उभी असतात, त्यांचा नंबर शेवटी. मग म्हणतात, "हं."

या "हं"चे सहा अर्थ आहेत आणि मला सहाही काढून दाखवता येतात. घशातला "हं" म्हणजे भिंग स्वस्तातलं. नाकातला "हं" म्हणजे फोटोवर नंतर कुणीतरी हात फिरवलाय. लांबलेला "हंऽऽ" आला की समजावं, आता उपदेश.

"घोळक्याच्या फोटोत कडेला उभं राहू नये. भिंग कडेच्या माणसाला ओढून रुंद करतं. हा बघा तुमचा मेहुणा. दीड माणूस झालाय."

मेहुणा शेजारीच बसलेला असतो आणि तो प्रत्यक्षातही दीड माणूस असतो. पण हे बोलायचं कुणी?

तेइजी ओगिवारा हे आमच्या बंदरावरचे चष्मेवाले. वय एकसष्ट. दुकान वडिलांचं, चष्मे आणि घड्याळं. घड्याळं आता कुणी दुरुस्तीला आणत नाही, त्यामुळे छोटं लेथ आणि चिमटे-कानसी पाण्यातल्या कॅमेऱ्यांच्या कामी येतात. शनिवार-रविवारी शहरातून येणारे फोटोवाले आपल्या कॅमेऱ्यांच्या पाणबंद पेट्या त्यांच्याकडून नीट करून घेतात आणि "हं" ऐकून जातात. लग्न झालं नाही. का झालं नाही ते गावाला पाठ आहे. पंचविसाव्या वर्षी मध्यस्थ बाईंनी एका मुलीचा फोटो आणला होता, किमोनोतला, जाड पुठ्ठ्यात लावलेला. घरच्यांनी विचारलं, कशी वाटते? तेइजी-सान म्हणाले, "डावीकडचा पडदा फिका आहे. स्टुडिओवाल्यानं काहीतरी लपवलंय." ते मुलीच्या कानावर गेलं. संपलं.

अशा माणसाला पाण्यात नेलं ते सावाए-आजीनं. सावाए-आजी आमच्याकडची सगळ्यात वयस्कर आमा. आमा म्हणजे नळकांडं-बिळकांडं न लावता, एका दमात तळाशी जाऊन आवाबी काढून आणणाऱ्या बायका. आवाबी म्हणजे कानाच्या आकाराचा जाड मांसाचा शिंपला. बाजारात त्याला जो भाव येतो तो ऐकून माणूस आधी गप्प होतो, मग चोराचा विचार करतो. तीस वर्षांपूर्वी आजीनं पाण्यातल्या चष्म्याला नंबरची काच बसवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात परत आली.

"कडेला धूसर दिसतं."

"दिसणार नाही," तेइजी-सान म्हणाले. "मी तपासलीय."

"कुठे तपासलीस?"

"इथे. खिडकीपाशी."

"मासे खिडकीपाशी असतात का रे? चल पाण्यात."

दंडाला धरून नेलं. तिथून त्यांना पाण्याचं वेड लागलं. कॅमेरा घेतला, पेटी घेतली आणि काचेच्या कडांशी त्यांचं जे भांडण जुंपलं ते अजून चालू आहे.

भांडण काय आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं. समोर मिसो सूपचं वाडगं घेतात आणि सुरू होतात. "पाण्यात सपाट काचेतून बघितलं की सगळं जवळ येतं, रुंदपणा मरतो. म्हणून वाइड भिंगापुढे काचेचा घुमट लावायचा. पण मग कॅमेरा खरा मासा बघतच नाही! घुमटापुढे हातभर अंतरावर माशाची एक खोटी सावली उभी राहते, ती बघतो. आणि ती सावली कशी असते? या वाडग्यासारखी, वाकडी. मधला तळ एकीकडे, कडा दुसरीकडे. मधलं नेमकं पकडलं की कडा सुटतात. कडा पकडायच्या तर भिंगाचं छिद्र बारीक करा, म्हणजे उजेड मेला. मोठा घुमट लावा, म्हणजे खांदा मेला. कडी बदला, म्हणजे भिंग घुमटाच्या बरोबर मध्यावर बसेल, तर ती कडी कुठे मिळत नाही. समुद्र फसवतोय आपल्याला. समजलं?"

तोवर सूप गार.

यावर त्यांचा स्वतःचा एक उपाय होता, आणि तो गावात कुणालाच माहीत नव्हता. ते प्रत्येक फोटोच्या चारही बाजू कापायचे. चार-चार बोटं. बाहेर जाणारा फोटो नेहमी कापलेला. वीस वर्षं मच्छीमार सोसायटीच्या कॅलेंडरवर त्यांचे फोटो छापले गेले आणि वीस वर्षं आम्ही "काय स्वच्छ फोटो!" म्हणत आलो.

गेल्या ऑक्टोबरात हे फुटलं. आणि फोडलं ते माझ्या आईनं.

आई सोसायटीच्या कचेरीत खिडकीवर बसते. मुकाइ चेअरमन म्हणाले, या वर्षी सभासदांनी फोटो निवडायचा, भिंतीवर मोठे करून लावा. तेइजी-सानचा खांदा दुखत होता, ते नुसती फोटोंच्या कार्डाची डबी देऊन गेले. "यातले बारा घ्या, मी येऊन बघतो." ते येईपर्यंत आईनं हौसेनं बाराही फोटो अख्खेच्या अख्खे, टेबलाएवढे छापून भिंतीवर चिकटवले होते. कापायचे असतात हे तिला कुणी सांगितलं होतं?

सातवा फोटो बैलखडकाचा. बैलखडक आमच्या खाडीच्या तोंडाशी आहे, बाहेरच्या अंगाला पाण्याची ओढ जबर. मधोमध इसाकी माशांचा थवा, रुपेरी, एकेक खवला मोजून घ्यावा असा. सगळे माशांकडे बघत होते. इत्सुयो-सान तेवढ्या कोपऱ्यात बघत होत्या. इत्सुयो-सानही आमा, वय त्रेसष्ट, आणि कुठल्याही वाक्यानंतर "मी आपलं बोलले हो" म्हणायची सवय.

"हे कोण आहे?"

उजव्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं होतं. लांबुळकं, वाकलेलं. वाकून खडकाच्या कपारीत हात घातल्यासारखं. आणि हाताखाली काळं, जाळीदार, फुगलेलं. पिशवीच.

"पांढरा सदरा कोण घालतं अजून?" इत्सुयो-सान म्हणाल्या. "आम्ही सगळ्या काळ्या रबरी पोशाखात. त्यावर पांढरा सदरा एकच बाई घालते. मी आपलं बोलले हो."

मुकाइ चेअरमननी चष्मा पुसला. त्यांचा आवाज मुळात लिलावाचा, त्यामुळे ते कुजबुजले तरी बर्फाच्या कारखान्यापर्यंत जातं. "मी कुणाचं नाव घेत नाही. पण फोटो कधीचा आहे?"

खाली तारीख होती. मागचा गुरुवार. आवाबीची बंदी सुरू होऊन महिना झाला होता.

"गुरुवारी दुपारी सावाए-ताईंचा सदरा अंगणात वाळत होता," इत्सुयो-सान म्हणाल्या. "ओला. मी आपलं..."

"बोललात," चेअरमन म्हणाले.

आमांच्या शेकोटीच्या झोपडीत भिंतीवर खिळ्यांची रांग आहे. प्रत्येक खिळ्याला एक लाकडी पाटी, पाटीवर नाव. एकेकाळी चाळीस होत्या म्हणतात. आता सहा पाट्या आणि गंजलेले खिळे. जिची पाटी आहे तिनंच पाण्यात उतरायचं. बंदीत कुणी चोरी केली तर तिची पाटी काढून त्याच शेकोटीत घालतात आणि मग नवी पाटी कुणी कोरत नाही. सावाए-आजीची पाटी सगळ्यात काळी, पंचावन्न वर्षं धूर खाल्लेली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाटी गेली तर ती काय दुसरं काम शिकणार? रविवारी सभेत ठरायचं होतं. तो दिवस मंगळवार.

गावानं दोन दिवसांत जो संशय घेतला तो मी सगळा ऐकला, कारण सगळे आमच्याच खिडकीवर येऊन घेत होते. आजीनं मागच्या महिन्यात नवा भाताचा कुकर कुठून आणला? आजी संध्याकाळी बंदराच्या भिंतीवर एकटीच का बसते? आजी मांजराला काय खायला घालते? मांजर बघा केवढं झालंय! आणि आजीला विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "मी नव्हते."

"मग सदरा ओला कसा?" इत्सुयो-सान.

"धुतला की ओला होतो. तुझ्याकडे कसा होतो?"

यावर हसू आलं तरी कुणी हसलं नाही. गंमत अशी की याच आजीचं बोलणं दोन वर्षं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. ती सारखी सांगायची, बैलखडकाच्या मागचं रान मरत चाललंय, तिकडे एकदा जाऊन बघा. रान म्हणजे अरामे, कमरेएवढं वाढणारं तपकिरी शेवाळ. आवाबी तेच खाऊन जगते. पण मागच्या अंगाला ओढ आहे म्हणून बाकीच्या पाच जणी अलीकडेच उतरतात. आणि आजीचा नंबर वाढलेला. "ताई, काच बदला," म्हणून इत्सुयो-सान टाळी मागायच्या.

तेइजी-साननी फोटो भिंतीवर बघितला तेव्हा आधी ते आईवर ओरडले. "अख्खा? अख्खा छापलात?" मग कोपऱ्याशी गेले. "हं" केलं नाही. ते मला नवीन होतं.

पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि सांगतानाही इकडे-तिकडे बघून घेतलं. घरी जाऊन त्यांनी तो कोपरा पडद्यावर मोठा केला. आयुष्यभर कडांवर विश्वास ठेवला नाही असा माणूस, पण जितका मोठा करावा तितकी सावाए-आजी जास्त दिसायला लागली. हा खांदा. हे कोपर. आणि मग त्यांना डबा आठवला. गुरुवारीच संध्याकाळी आजीनं झाकणाचा डबा आणून दिला होता. सोया सॉस आणि साके दारूत शिजवलेल्या जाडसर चकत्या. चावताना कुर्र वाजणाऱ्या, समुद्राच्या चवीच्या. त्यांनी सगळ्या खाल्ल्या होत्या. सोबत भात घेऊन.

"म्हणजे मी साथीदार!" ते मला म्हणाले. "चोरीचा माल पोटात!"

बुधवारी मात्र ते कामाला लागले. दुकानाला कुलूप लावलं, डोळे तपासायचा तक्ता भिंतीवरून काढला. आमच्याकडे त्या तक्त्यावर अक्षरं नसतात, तुटक्या कड्या असतात. फट कुठल्या बाजूला आहे ते सांगायचं. त्याला प्लॅस्टिक चढवलं आणि सोसायटीच्या आवारात जिवंत मासळीचा जो मोठा हौद आहे त्यात तळाशी उभा केला. फ्लाउंडर मासे बाजूला झाले. पाचच मिनिटांत अर्धं गाव हौदाभोवती.

"हा उन्हाळ्यात घेतलेला छोटा घुमट," तेइजी-सान म्हणाले. "प्लॅस्टिकचा, हलका. खांद्यामुळे घेतला. गुरुवारी हाच होता. आभाळ होतं म्हणून छिद्र पूर्ण उघडं ठेवलं होतं." पाण्यात हात घालून फोटो काढला आणि आईच्या संगणकावर लावला. मधल्या कड्यांच्या फटी चोख. कडेला जावं तसतशा फटी बुजत गेलेल्या, आणि कोपऱ्यातल्या कड्या तर गोल भजीच.

"बघा! कोपऱ्यात फट कुठे आहे? इत्सुयो-सान, सांगा."

"फट नाहीच तिथे."

"आहे! तक्त्यावर आहे! कॅमेऱ्यात नाही!"

मग त्यांनी पिशवीतून एक पांढरा मुळा काढला, आणि जुन्या जाळीत बांधलेली तीन वांगी. तक्ता बाहेर. मुळ्याला दगड बांधून त्यांनी तो हौदाच्या कोपऱ्यात तिरका ठेवला, वांगी त्याखाली. लोकांना मागे सरकवलं. इत्सुयो-सान तेवढ्यात चहा आणायला गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा पडद्यावर फोटो लागलेला होता. पांढरं, लांबुळकं, वाकलेलं. खाली काळं, फुगलेलं.

"हे घ्या!" इत्सुयो-साननी कप टेबलावर आदळला. "दुसरा पुरावा! हा तर आणखी स्पष्ट आहे. ही ताईंची पाठ मी अंधारातही ओळखीन!"

हौदातून मुळा वर काढण्यात आला. पानांसकट. आवारात असं हसणं मी गेल्या उत्सवानंतर ऐकलं नव्हतं. बर्फवाला तर पेटीवर बसून मांड्या बडवत होता. "सावाए-आजी, तुम्हाला किसून माशाबरोबर खाणार हो आज!"

पण मुकाइ चेअरमन हसले नाहीत. "बरं. कोपऱ्यात मुळाही आमा दिसतो. मान्य. पण समुद्रात मुळा कुणी ठेवला? तिथे काहीतरी पांढरं होतंच ना? मी कुणाचं नाव घेत नाही. पण बैलखडकाशी पांढरं काय असतं?"

हशा ओसरला. खरंच, काय असतं?

"मी जाऊन बघून येतो," तेइजी-सान म्हणाले. बंदीत तिथे उतरायची परवानगी त्यांच्या एकट्याकडे, कॅलेंडरसाठी.

"तुम्ही सांगाल आणि आम्ही ऐकू? तुम्ही दोघं तीस वर्षं एका डब्यात खाताय!"

डबा म्हटल्याबरोबर तेइजी-सानचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. तेव्हा मला कळलं नाही. काहीतरी आहे एवढं कळलं.

"तोच फोटो आणा," चेअरमन म्हणाले. "तीच जागा, तेच मासे, तोच कोपरा. पण कोपरा असा, की वाचता आला पाहिजे. रविवारी दहा वाजेपर्यंत."

गुरुवारी आणि शुक्रवारी पश्चिमेचा वारा होता. होड्या बांधलेल्या. तेइजी-सान दुकानात मोठा घुमट मांडीवर घेऊन बसले होते. जुना, काचेचा, मोठ्या कलिंगडाच्या अर्ध्या फोडीएवढा. आणि तिथेच त्यांना आपली चूक सापडली. भिंग घुमटापासून योग्य अंतरावर बसावं म्हणून मधे कडी असते. मोठ्या घुमटाची कडी त्यांनी स्वतः लेथवर कातलेली होती. उन्हाळ्यात छोटा घुमट आला तेव्हा तीच कडी त्याला बसली, अगदी चपखल बसली, म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. बसते म्हणजे बरोबर आहे, असं कुठल्या चष्मेवाल्यानं मानावं? फ्रेम नाकावर बसली म्हणून नंबर जुळतो का? चार महिन्यांचे सगळे फोटो चुकीच्या कडीनं काढलेले. नेहमीपेक्षा दुप्पट कडा फाटलेल्या, आणि ते आपले जास्त कापत गेले. चारऐवजी सहा बोटं.

शुक्रवारी संध्याकाळी ते सावाए-आजीकडे गेले. मी आजीकडे आईनं दिलेली रताळी पोचवायला आलेली, स्वयंपाकघरात. दोघांनाही मी आहे हे माहीत होतं, दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

"ताई, उद्या वारा पडेल. मी जातोय."

"जा."

"मोठा घुमट लावणार. छिद्र पार बारीक करणार. दोन्ही फ्लॅश लांब हातांवर. कोपरा चोख येणार, ताई."

"मग चांगलंच की."

"म्हणजे जे असेल ते दिसणार."

आजीनं रताळं सोलायचं थांबवलं. "तुला काय दिसेल असं वाटतंय?"

तेइजी-साननी चष्मा काढून पुसला. मग खाली बघून, "त्या डब्यात काय होतं?"

"कुठल्या?"

"गेल्या आठवड्यातल्या, गुरुवारच्या."

आजीनं रताळं हातात तोललं. मला वाटलं आता रताळं फेकून मारते. "अळंबी," ती म्हणाली. "एरिंगी अळंबी. वरच्या दुकानात पाकीट मिळतं. जाड कापून कोम्बू शेवाळाच्या पाण्यात शिजवली की कुर्र वाजते. बंदीत आम्ही सगळ्या तीच खातो, मनाची समजूत काढायला. आणि तू तीस वर्षं माझ्याकडे जेवतोयस आणि तुला अळंबी आणि आवाबी कळत नाही?"

"मला वाटलं..."

"तू चष्मेवाला आहेस, चव कुठून येणार." मग तिनं पुन्हा सुरी उचलली. "तेइजी, तू बैलखडकापाशी किती वेळा गेलास?"

"पन्नास. साठ."

"कोपऱ्याकडे बघितलंस कधी?"

"कोपरा धूसर आहे का ते नेहमी बघतो."

"धूसर आहे का ते नाही विचारलं. कोपऱ्यात काय आहे ते बघितलंस का?"

तेइजी-साननी तोंड उघडलं आणि मिटलं. खोटं कशाला, पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या त्या तोंड मिटण्याची नक्कल वर्गात केली, पण कुणी हसलं नाही. ती हसायची नक्कल नव्हतीच.

शनिवारी वारा पडला. त्यांना होडीतून मुकाइ चेअरमननी स्वतः नेलं. मदत म्हणून नाही, पाळत म्हणून. बरोबर दुसरं कुणी खाली उतरत नाही ना, हे बघायला दुर्बीण घेऊन. मी आणि आई भिंतीवरून बघत होतो. तेइजी-सान तीनदा वर आले आणि तीनदा खाली गेले. पहिल्यांदा इसाकी नव्हते. दुसऱ्यांदा इसाकी होते पण ओढीनं त्यांना वळवलं. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा घुमट होडीत चढवता येईना, खांदा उचलत नव्हता. चेअरमननी पेटी वर ओढली. "आला का कोपरा?" हे आम्हाला भिंतीपर्यंत ऐकू आलं. तेइजी-साननी काय उत्तर दिलं ते नाही आलं.

रविवारी दहाला सोसायटीच्या वरच्या खोलीत सभा. साठेक माणसं मांडी घालून. सहाही आमा पुढे. सावाए-आजीनं पांढरा सदरा घातला होता, धुतलेला, इस्त्री केलेला. तिची पाटी चेअरमनच्या समोर टेबलावर ठेवलेली, झोपडीतून आणून. भिंतीवर पाटीच्या जागी कसा उजळ चौकोन उरला असेल ते माझ्या डोळ्यांसमोर येत राहिलं.

आईनं फोटो पडद्यावर लावला. तेच मासे. तोच खडक. मासे थोडे कमी झळकत होते, कारण छिद्र बारीक. पण उजवा खालचा कोपरा! तिथे दगडावरचा खरबरीतपणासुद्धा दिसत होता.

बाई नव्हती. मुळाही नव्हता. खडक होता. पांढरा, खडूसारखा, कुठेही शेवाळाचं एक पान नसलेला, वाकलेल्या पाठीसारखा लांबट खडक. आणि त्याच्या कपारीत गांगाझे, शेवाळ खाऊन जगणारे समुद्री जीव. लांब काळ्या काट्यांचे गोळे, एकावर एक, शंभर असतील. फुगलेली जाळीदार पिशवी ती हीच.

 मागून कुणीतरी म्हणालं, "तिथे अरामे होती. मी स्वतः बघितलीय."

"कधी?" सावाए-आजीनं मागे न बघता विचारलं.

"म्हणजे... माझं लग्न व्हायच्या आधी."

"तुझ्या थोरल्याला यंदा मुलगा झाला." आजी वळली. "दोन वर्षं सांगतेय. गांगाझेंनी शेवाळाची मुळं खाल्ली, दगड उघडे पडले, पांढरे झाले. शेवाळ नाही तर आवाबी काय खाईल, तुमचे ठराव? तुम्ही म्हणालात, म्हातारीची काच बदला."

इत्सुयो-सान पडद्याजवळ गेल्या. अगदी नाक लावून, तेइजी-सानसारखं. "हा फोटोसुद्धा काहीतरी करून..." त्यांनी सुरुवात केली.

"इत्सुयो-सान," तेइजी-सान म्हणाले, "घ्या. जुना फोटो याच्यावर ठेवून बघू."

आईनं जुना फोटो नव्यावर ठेवला. पांढऱ्यावर पांढरं बसलं, काळ्यावर काळं. आठवडाभर कुठल्याही आमानं त्याच जागी तसंच वाकून बसणं शक्य नव्हतं. इत्सुयो-सान परत आपल्या जागी येऊन बसल्या.  आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ताई, मी चुकले." पुढे "मी आपलं बोलले हो" नव्हतं.

मुकाइ चेअरमननी पाटी उचलली. ती आजीला द्यायची की स्वतः जाऊन टांगायची हे त्यांना ठरवता येईना, म्हणून ती हातात धरूनच बोलायला लागले. "मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण... कॅलेंडरला हा फोटो चालेल. फक्त तो कोपरा तेवढा कापून घ्या, तेइजी-सान. लोक कॅलेंडर घरात लावतात. बरं दिसत नाही."

"नाही," तेइजी-सान म्हणाले.

"चार बोटं."

"नाही कापणार. वीस वर्षं कापले, म्हणून तर कुणाला दिसलं नाही. मलासुद्धा." खांद्याला पट्टा बांधलेला होता, तरी ते उभे राहिले. "कडा धूसर असतात म्हणून मी ओरडत राहिलो. कडेला काय आहे ते मी विचारलंच नाही. छापायचा तर अख्खा छापा."

चेअरमन आईकडे बघायला लागले, आई छताकडे. शेवटी फोटो अख्खाच छापायचं ठरलं, नोव्हेंबरच्या पानावर. नोव्हेंबरात हातोड्या घेऊन सगळ्यांनी बैलखडकामागे उतरायचं, गांगाझे फोडायचे, हेही ठरलं. पुढे कोण जाणार, यावर कुणी वाद घातला नाही, कारण तिथली ओढ एकाच बाईला माहीत होती.

सावाए-आजीनं चेअरमनच्या हातातून आपली पाटी काढून घेतली आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसली. लोक उठायला लागले. चपलांची गडबड सुरू झाली.

"थांबा," ती म्हणाली. "दिवा लावू नका अजून. तेइजी, तो फोटो पुन्हा लाव. हा एक कोपरा झाला. बाकीचे तीन बघितले का कुणी?"

कुणी बघितले नव्हते. साठ माणसं चपला हातात घेऊन परत आली आणि पडद्यासमोर वाकली. डावा खालचा कोपरा आता चोख होता, आणि तिथेही, अरामेच्या झुपक्यामागे, काहीतरी फिकट, खडूसारखं दिसत होतं.

तेइजी-साननी चष्मा कपाळावर चढवला.

"हं," ते म्हणाले. हा सातवा होता. मला अजून जमत नाही.